तार गेली, तिची कामं राहिली

डावा बड वाजतो, उजवा मुका. किंवा दोन्ही वाजतात, पण दादरच्या पुलावर गर्दीत शिरलं की गाणं तुकड्यातुकड्यांत येऊ लागतं. किंवा बड्स डबीत, डबी बॅगेत, आणि आईचा फोन उचलला की तिचं बोलणं आपल्याला ऐकूच येत नाही, ते डबीच्या आत चाललेलं असतं. या तक्रारी घेऊन कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे गेलं की तो आधी बड्स डबीत टाकून पुन्हा काढायला सांगतो, मग फोनवरून ‘हे डिव्हाइस विसरा’ दाबायला लावतो, आणि शेवटी रीसेट. यातलं काहीतरी लागू पडतं आणि गिऱ्हाईक घरी जातं. नेमकं काय लागू पडलं, याची चौकशी ना तो करतो ना गिऱ्हाईक.

ती चौकशी करायची तर आधी तारेकडे वळावं लागतं. इअरफोनची तार आवाज आणून देई, हे तिचं दिसणारं काम. न दिसणारी कामं बरीच होती. हा इअरफोन याच फोनचा, ही ओळख तीच पटवून देई. डाव्या-उजव्या कानाला एकाच क्षणी आवाज पोचवी. इअरफोनच्या आतल्या पडद्याला हलवायला लागणारी वीजही तिच्यातूनच येई. फोनमध्ये रेडिओ असेल तर तीच एरियल होई; म्हणून तर इअरफोन खोचल्याशिवाय एफएम लागत नसे. तार गेली तेव्हा यातलं जवळजवळ प्रत्येक काम दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवावं लागलं, आणि ज्यांच्याकडे सोपवलं त्या प्रत्येकाचा आपापला जुना इतिहास आहे. आजच्या तक्रारी त्या इतिहासांतून आल्या आहेत.

कानात खुपसायचं यंत्र आपण समजतो त्यापेक्षा जुनं. एर्नेस्ट मर्काडिए या फ्रेंच अभियंत्याने १८९१ साली टेलिफोनसाठी कानाच्या भोकात बसणारी हलकी जोडी अमेरिकेत पेटंट करून घेतली. कानाला घासू नये आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून तिच्यावर रबरी टोप्याही होत्या. आज बड्सच्या खोक्यात तीन मापांच्या सिलिकॉन टोप्या येतात, त्यांचे हे पणजोबा. डोक्यावरून घ्यायचा हेडफोन १९१० च्या सुमारास युटामधल्या नॅथॅनियल बाल्डविनने स्वतःच्या स्वयंपाकघरात बनवून अमेरिकी नौदलाला विकला. आणि ज्या साडेतीन मिलिमीटर पिनेच्या निरोपावर एवढी हळहळ झाली, ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर खटाखट खोचत असत त्या पाव इंची प्लगची धाकटी आवृत्ती. एकोणिसाव्या शतकातली रचना एकविसाव्या शतकातही खिशात टिकली. एवढं आयुष्य फार थोड्या यंत्रांना लाभतं.

जोडणीची कटकट मात्र बिनतारी काळातच जन्मली असं नाही. मुंबईत रेडिओ क्लबने १९२३ च्या जूनमध्ये प्रक्षेपण सुरू केलं आणि २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. त्या काळचा स्वस्तातला रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला बॅटरी नाही, वीज नाही. केंद्राकडून आलेल्या लहरींमध्ये जेवढी ऊर्जा असेल तेवढ्यावरच तो वाजणार. तो आवाज इतका क्षीण की हेडफोन लावल्याशिवाय ऐकू येत नसे. त्यात गॅलेना, म्हणजे शिशाच्या खनिजाचा एक खडा असे. त्या खड्यावर बारीक तारेचं टोक टेकवत टेकवत ‘वाजणारी जागा’ शोधायची, आणि ती सापडल्यावर कुणी टेबलाला धक्का दिला की गेली. लहरी टिपण्याचा खड्याचा हा गुण जगदीशचंद्र बोस यांनी हेरला होता. गॅलेना वापरून लहरी टिपणाऱ्या साधनाचं त्यांचं अमेरिकी पेटंट १९०४ चं आहे. बोस यांनी त्याआधी, १८९५ मध्ये, कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये बिनतारी लहरींनी दूरची घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखवली होती. त्या लहरी मिलिमीटरच्या मापातल्या होत्या. पुढची कित्येक दशकं जग लांब लहरींच्या मागे लागलं आणि आखूड लहरींकडे उशिरा परतलं.

तारही काही निष्पाप नव्हती. माइकचे इअरफोन आले तेव्हा पिनेवर चार कड्या झाल्या, आणि माइक व अर्थ यांच्या कड्यांचा क्रम काही कंपन्यांनी एक धरला, काहींनी उलटा. एका जातीचा इअरफोन दुसऱ्या जातीच्या फोनला लावला की गाणं वाजे, पण गायक गायब! अर्थ सुटला की दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज एकमेकांना खाऊन टाकतो, आणि गायकाचा आवाज सहसा दोन्हीकडे सारखाच असतो. तारेवरचं बटण दाबून धरलं की गायक परत येई. अंगठा बटणावर ठेवून अख्खा प्रवास केलेली एक पिढी आजही आपल्यात आहे.

तार काढून टाकायची कल्पना स्वीडनमधली. लुंड या गावी एरिक्सनच्या मोबाइल विभागाचे प्रमुख तंत्रज्ञ निल्स रिडबेक यांनी १९८९ मध्ये जवळच्या अंतरावरच्या रेडिओ-जोडणीचं काम सुरू करवलं, आणि हेतू होता बिनतारी हेडसेटचाच. योहान उलमान यांच्या दोन शोधांवर ते आधारलेलं होतं. १९९४ मध्ये डच अभियंता याप हार्टसन त्यात आला, पुढे स्वेन मॅटिसन त्याच्याबरोबर काम करू लागला. १९९८ च्या मे महिन्यात एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा यांचा गट जाहीर झाला. ब्लूटूथ हे नाव इंटेलच्या जिम कार्डाक यांनी तात्पुरतं म्हणून सुचवलं होतं. दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाच्या टोपणनावावरून. ते चिकटलं ते चिकटलंच.

आता प्रश्न होता, या जोडणीने बोलायचं कोणत्या पट्ट्यात? रेडिओ लहरी ही सरकारी मालमत्ता. परवाना आणि शुल्काशिवाय हात लावू देत नाहीत. आपल्याकडे १९३३ च्या बिनतारी कायद्याने असं यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना लागे, आणि ऐंशीच्या दशकापर्यंत घरच्या रेडिओचं लायसन्स पोस्टात भरावं लागे. पण एक पट्टा जगभर मोकळा होता, तो मायक्रोवेव्ह भट्ट्यांमुळे. १९४५ मध्ये रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सर यांनी रडारच्या मॅग्नेट्रॉनवर अन्न शिजवण्याचं पेटंट मागितलं. अशी यंत्रं लहरी सांडणार हे उघड होतं. म्हणून १९४७ च्या अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासची जागा उद्योग, विज्ञान आणि वैद्यकाच्या उपकरणांना सोडून देण्यात आली. संदेशवहनाच्या दृष्टीने ते गायरान ठरलं: कुणाच्या मालकीचं नाही आणि कुणाची राखणही नाही. १९८५ मध्ये अमेरिकेने त्या गायरानात कमी शक्तीच्या रेडिओंना विनापरवाना शिरू दिलं. भारताने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा तुकडा २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने परवानामुक्त केला. आज चर्चगेट लोकलमधला प्रत्येक बड त्या अधिसूचनेच्या आधाराने वाजतो, आणि ते कुणाच्या गावीही नाही.

याच पट्ट्यात वायफाय आलं, बिनतारी माउस आले, कॅमेरे आले. मायक्रोवेव्ह तर मूळचाच रहिवासी. ओव्हनमध्ये आठशे वॅट खेळत असतात आणि बऱ्याच छोट्या ब्लूटूथ यंत्रांची ताकद अडीच मिलिवॅटच्या घरात. दारातून नियमात बसेल एवढी गळती झाली तरी ती बडच्या कुजबुजीला भारी पडते. जुन्या धाटणीचा ओव्हन विजेच्या प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्यातच लहरी सोडतो. आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेवर दहा मिलिसेकंद चालू, दहा बंद. म्हणून दूध गरम करताना गाणं पूर्ण बंद पडत नाही, अडखळतं. लॅपटॉपचंही एक गुपित आहे. त्याला यूएसबी ३ ची हार्डडिस्क लावली की तिच्या केबलीतून याच पट्ट्यात गोंगाट सांडतो. इंटेलने २०१२ मध्ये स्वतःच त्यावर शोधपत्र काढलं. माउसची चिमुकली डोंगल शेजारच्याच खोबणीत असेल तर तीही अडखळते. अशा वेळी बड्सना शिव्या घालण्याऐवजी डिस्क लांब सरकवावी, आणि घरच्या वायफायवर फोन पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात न्यावा.

गोंगाटात टिकण्याचा ब्लूटूथचा उपाय एकाच जागी न थांबण्याचा आहे. पट्ट्याचे एक-एक मेगाहर्ट्झचे ७९ वाफे पाडायचे आणि सेकंदाला १६०० वेळा वाफा बदलायचा. एखाद्या वाफ्यात कुणी बसलेलं सापडलं तर नुकसान एका तुकड्याचं, आणि तो तुकडा पुन्हा मागवता येतो. या उड्यांची गोष्ट निघाली की हेडी लमार हे नाव येतंच. व्हिएन्नात जन्मलेली ही हॉलिवूडची तारका आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार, या दोघांना ऑगस्ट १९४२ मध्ये पाणतीराच्या गुप्त नियंत्रणाचं पेटंट मिळालं. पाणतीराला रेडिओने दिशा द्यायची तर शत्रू तो रेडिओ जाम करणार. मग पाठवणारा आणि घेणारा, दोघांनी ठरल्या क्रमाने लहर बदलत राहायचं. हा क्रम त्यांनी स्वयंचलित पियानोच्या भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळीवर नोंदवला, आणि वाफे धरले पियानोच्या पट्ट्यांइतके, ८८. अमेरिकी नौदलाने पेटंट बासनात बांधून ठेवलं. आज इंटरनेटवर लमारला ब्लूटूथची जननी करून टाकलंय, ते मला पटत नाही. लहर बदलत राहायची कल्पना तिच्या आधीही कागदावर होती आणि लुंडच्या अभियंत्यांना तिची गुंडाळी लागली नाही.

पण या पेटंटातला मला खरा वाटणारा धागा अँथाइलचा आहे. त्याने ‘बॅले मेकॅनिक’ नावाची रचना सोळा स्वयंचलित पियानोंसाठी योजली होती, आणि ते पियानो एकमेकांशी ताल धरून वाजवणं त्या काळच्या यंत्रांना जमेना. पॅरिसच्या प्रयोगात त्याला एकाच स्वयंचलित पियानोवर निभवावं लागलं. पेटंटाची सगळी अडचणही हीच होती: जहाजावरची गुंडाळी आणि पाणतीरातली गुंडाळी एकाच क्षणी सुरू व्हायला हव्यात. आपले बड्स ‘कनेक्ट होत आहे…’ म्हणत रेंगाळतात तेव्हा नेमकं हेच चाललेलं असतं. उड्यांचा क्रम एका यंत्राच्या पत्त्यावरून आणि घड्याळावरून ठरतो. ते घड्याळ दुसऱ्याला कळेपर्यंत दोघंही वेगवेगळ्या वाफ्यांतून उड्या मारत एकमेकांना हाका मारत असतात. यात सेकंद-दोन सेकंद जाणारच. तेवढ्यात अधीर होऊन तीनदा बटण दाबणारा माणूस तो शोध तीनदा पहिल्यापासून सुरू करून देतो.

२००३ मध्ये या उड्यांना थोडी अक्कल आली. ज्या वाफ्यांत वायफायचा राबता आहे ते टाळून उरलेल्यांत उड्या मारायच्या, मात्र निदान वीस वाफे हाती ठेवायचे. तरीही भर गर्दीत आवाज तुटतो, त्याचं मोठं कारण दुसऱ्यांचे बड्स हे नसून दुसऱ्यांची शरीरं आहेत, आणि त्यात आपलंही धरायचं. या लहरी पाणी शोषून घेतं. (मायक्रोवेव्हची लहर पाण्याच्या खास कंपनाशी जुळते म्हणून निवडली, ही समजूत मात्र चुकीची, पाणी याच्या वरच्या-खालच्या लहरीही शोषतं.) माणूस म्हणजे बव्हंशी पाणी. फोन पँटच्या मागच्या डाव्या खिशात आणि फोनशी बोलणारा बड उजव्या कानात, म्हणजे मध्ये आपण स्वतः आडवे. घरात हे चालून जातं, कारण लहर भिंतीवरून, छतावरून परावर्तित होऊन वळसा घालून येते. शिवाजी पार्कच्या मधोमध भिंतच नाही. म्हणून खोलीत छान वाजणारे बड्स मोकळ्या मैदानात अडखळतात, आणि लोकांना वाटतं की मैदानात तर अडथळा काहीच नव्हता! फोन वरच्या खिशात किंवा बडच्या बाजूच्या हातात घेतला की बऱ्याचदा काम भागतं.

दोन कानांची कथा याहून अवघड. ब्लूटूथची मूळ गाणी-वाहिनी एका यंत्राकडून एकाच यंत्राकडे जाणारी. पट्टीच्या हेडफोनला ते पुरे होतं, डावं-उजवं आतल्या तारेने जोडलेलं. २०१४-१५ च्या सुमारास दोन सुटे बड निघाले, आणि दोन कानांच्या मध्ये डोकं आलं, पाण्याने भरलेलं. म्युनिकच्या ब्रागी कंपनीने ‘द डॅश’मध्ये डोक्यापार जायला रेडिओऐवजी जवळच्या चुंबकीय क्षेत्राचा वापर केला, श्रवणयंत्रांत वापरात असलेली युक्ती. पुष्कळ स्वस्त बड्समध्ये मात्र एक मुख्य आणि दुसरा त्याचा शागीर्द: फोन मुख्याला सांगणार, मुख्य शागिर्दाला. डिसेंबर २०१६ मध्ये ॲपलचे एअरपॉड्स आले, मग इतरांनीही आपापल्या वाटा काढल्या. काहींत दुसरा बड पहिल्याचं संभाषण परस्पर ऐकून घेतो. दोन्ही कानांना स्वतंत्र, पण ताल धरलेले प्रवाह देण्याची सोय ब्लूटूथच्या नियमांत २०२० मध्ये आली आणि त्यावरची एलई ऑडिओची सगळी कलमं २०२२ ला पुरी झाली. ती मिळायची तर फोन आणि बड्स दोघांनाही यायला हवी.

म्हणून एकच बाजू मुकी झाली तर बहुधा फोनशी असलेलं नातं शाबूत असतं. तुटलेलं असतं ते दोन बड्समधलं. फोनवर कितीही टिचक्या मारून ते जुळणार नाही. दोन्ही बड डबीत एकत्र ठेवून रीसेट केले की ते आधी एकमेकांना ओळखतात, मग फोनला.

फोनशी ओळखीचा मामला वेगळा. पहिल्या जोडणीत दोन्ही यंत्रं मिळून एक गुप्त किल्ली बनवतात आणि दोघंही ती जपतात. २००७ पर्यंत त्यासाठी आकडे टाकावे लागत, आणि बहुतेक हेडसेटांचा आकडा चार शून्यं असे. ते सगळ्या जगाला माहीत. नंतरच्या पद्धतीत किल्ली आपोआप बनते, म्हणून ती आहे हेही आपण विसरलो. बड्स रीसेट केले की त्यांच्याकडची किल्ली पुसली जाते, फोनकडची जुनी मात्र राहते. फोन जुनी किल्ली दाखवतो, बड्स ओळख देत नाहीत. उलट केलं तरी तेच. मोबाइलवाला ‘विसरा’ आणि ‘रीसेट’ दोन्ही करायला लावतो ते यासाठी. एकच करून बघणाऱ्याला बऱ्याचदा काहीच लागू पडत नाही. आणि बड्स डबीतून निघाले की आधी शेवटच्या ओळखीच्याला शोधतात. तो शेजारच्या खोलीतला लॅपटॉप असेल तर गाणं तिकडे गेलेलं असतं. त्याचं ब्लूटूथ बंद करणं एवढाच उपाय.

मीटिंगमध्ये आवाज एकदम विहिरीतून आल्यासारखा होतो, तो वारसा थेट टेलिफोनचा. ब्लूटूथला दोन वाहिन्या: एक गाण्याची, एकेरी, भरघोस, दुसरी बोलण्याची, दुहेरी, अरुंद. बोलण्याची वाहिनी बेतली ती टेलिफोनच्या ३०० ते ३४०० हर्ट्झच्या मापावर, सेकंदाला आठ हजार नमुने घेऊन. नंतर ते सोळा हजार झाले. लॅपटॉपने बडचा माइक मागितला की गाण्याची वाहिनी बंद होते आणि सगळं बोलण्याच्या वाहिनीतून येऊ लागतं. सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचाच निवडला की कानातला आवाज पुन्हा मोकळा होतो. ऑफिसचे कितीजण नवे बड्स घेऊन मोकळे झाले असतील, या एका टिचकीअभावी!

राहिली वीज. डबी ही नुसती डबी नाही, ती चार्जर आहे आणि बटणही आहे. झाकण बंद झालं, पिना टेकल्या, की बडला कळतं आता झोपायचं. पिनांवर कानातला मळ आणि घाम साचला की बडला ते कळत नाही. तो चार्ज होत नाही आणि झोपतही नाही, डबीत बसून फोनशी जोडलेला राहतो. आईचा आवाज डबीत जातो तो असा. कोरड्या कापसाच्या काडीने, हट्टी मळ असेल तर किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, बडच्या आणि डबीच्या दोन्ही पिना पुसाव्यात. जाळी मळाने भरली असेल तर बड वाजत असूनही मुका वाटतो. तिथे मात्र ओलं काही लावू नये. आतला लिथियमचा घट नखाएवढा, आणि मुख्य म्हणून राबणाऱ्या किंवा एकट्याने वापरलेल्या बडचा घट लवकर थकतो. बहुतेक बड्स गोंदाने बंद केलेले असल्यामुळे तो बदलून मिळत नाही. डावा एक तासात संपतो आणि उजवा तीन तास चालतो, अशी जोडी रीसेटने सुधारत नाही.

कंटाळून पुन्हा तारेकडे वळणारेही पुष्कळ आहेत. फोनला गोल भोक राहिलं नाही म्हणून ते टाइप-सीची तार घेतात आणि घरी येऊन लावतात तर काही फोनवर ती वाजतच नाही. काही फोन टाइप-सीतून तयार आवाज सोडतात, तिथे साधी तार चालते. काही फक्त आकडे सोडतात, तिथे तारेच्या टोकातच आकड्यांचा आवाज करणारी चिप लागते. चिपवाली तार लावली की फोन आधी तिची चौकशी करतो, ती कोण आहे हे तपासतो, आणि मग आवाज देतो. कधी तो तिला ओळखत नाही. मोबाइलवाला सांगतो, काढून पुन्हा लावा.